प्लॅटिनमचे काम निकेलकडून
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विज्ञानावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

सोयरीक जुळविणारे मध्यस्थ आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. कार्य पार पडले की ते पुढच्या कार्यास मोकळे होतात. रसायनशास्त्रात असे काम करणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. आजचा आमचा मध्यस्थ मात्र जोडी फोडणारा आहे.

हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू घट्ट बांधलेले असतात. त्याचे ऑक्सिडीकरण करावयाचे म्हणजे त्यातून दोन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन मोकळे करावयाचे. इलेक्ट्रॉन तारेतून वाहिले की वीज मिळते. पुढे प्राणवायूशी संयोग होऊन केवळ पाणी उरते. इंधन-घटाचे तत्त्व हेच होय. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली याचे प्रयोग केले ते प्लॅटिनम वापरून, आणि आजही मुख्य भिस्त प्लॅटिनमवरच आहे. तो धातू दुर्मिळ व महाग. निकेल तर आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्यातही असे.

परंतु नुसते निकेल घेऊन भागत नाही. काही सूक्ष्म जंतूंच्या हायड्रोजनेज नामक एन्झाइमांत हे काम लोखंड, अथवा लोखंड व निकेल मिळून करतात. त्यांपैकी एका प्रकारात लोखंडाशेजारी नायट्रोजनचा अणू प्रोटॉन उचलण्यास सज्ज असतो. अमेरिकेतील डॅनियल ड्युबॉइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धडा गिरविला. त्यांनी निकेलभोवती फॉस्फरसचे चार अणू बसविले आणि जवळच नायट्रोजन टांगता ठेवला. हायड्रोजन येताच निकेल एक अणू दोन्ही इलेक्ट्रॉनांसह ओढून घेते, तर नायट्रोजन उरलेला प्रोटॉन झेलतो. मग दोघेही आपापला भार खाली ठेवून पुन्हा रिकामे होतात.

येथे तोल महत्त्वाचा. ओढ कमी पडली तर जोडी फुटत नाही; अधिक झाली तर घेतलेले सुटत नाही. फॉस्फरस व नायट्रोजन या दोहोंवर फेनिल गट बसविल्यास हा रेणू उलट हायड्रोजन निर्माण करू लागतो. फॉस्फरसवर सायक्लोहेक्सिल व नायट्रोजनवर बेंझिल बसविल्यास तोच हायड्रोजन फोडतो. प्रोटॉनही निकेलच्या सन्मुख बसावा लागतो. बाहेरच्या अंगास बसला की काम मंदावते.

२००९ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी असे निकेल-रेणू कार्बनच्या सूक्ष्म नलिकांवर बसवून दोन्ही कामे करवून दाखविली. प्लॅटिनमला निकेलने अद्याप हटविलेले नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. परंतु वाट सापडली आहे.

बंधुभगिनींनो, साध्या धातूच्या हातून थोर कार्य होते ते शेजारी योग्य सोबती योग्य जागी असल्यामुळे. आपल्या ज्ञातीतील साध्या घरांतही बुद्धिमान मुले-मुली आहेत. त्यांच्या शिक्षणाच्या वेळी आपण नेमके जवळ असलो, तर आमचे हे चार शब्द सार्थकी लागले असे आम्ही समजू.