येळवशीची कोप



आपण मला 'आमच्या लहानपणचे खेडे' हा विषय दिलात. पंच्याऐंशीच्या घरातल्या माणसाला असा विषय देणे धोक्याचे असते. तेव्हा घंटा हाताशी ठेवावी. सबंध खेडे मी सांगणार नाही. मार्गशीर्षातली वेळा अमावास्या तेवढी सांगतो. आमच्या लातूरकडे तिला येळवस म्हणतात.

लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्या वेळी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. येळवशीला सारे गाव रानात जाई. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. हिरवी तूर, हरभरा, पावटा, पालेभाज्या घालून शिजवलेली बेसनाची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील. ती माठातलीच प्यावी. पितळेच्या भांड्यात ती कळकते. वाटेने जाणाऱ्या परक्यालाही त्या दिवशी जेवल्यावाचून सोडत नाहीत. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. आमच्याकडे दरसाल शेजारचे पिंजारीचाचा येत, आणि माझ्याच वयाचा त्यांचा मुलगा. झाडावर चढण्यात तो माझा गुरू.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भयाने आम्ही रातोरात गाडी जुंपून बार्शीकडे मामांच्या गावी गेलो. निघताना वडिलांनी घराची किल्ली चाचांच्या हाती दिली. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान मोकळे झाले. दसऱ्यानंतर आम्ही परतलो. घर होते तसे होते. पेवातली ज्वारीसुद्धा शाबूत. किल्ली दुसऱ्याच कोणी आणून दिली. चाचांच्या घराला कवाडे नव्हती.

त्या साली येळवस डिसेंबरच्या अखेरीस आली. कोपीत वडिलांनी एक पत्रावळ जास्तीची वाढली. मी विचारले, "चाचा कधी येणार?" आई म्हणाली, "गप जेव." दिवस मावळेपर्यंत ती पत्रावळ तशीच होती.

त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती आपल्या भागात फिरत होती. तिचा अहवाल लोकांपुढे आला तो २०१३ साली. रझाकारांचे अत्याचार त्यात आहेत, आणि कारवाईनंतर मुसलमानांची झालेली कत्तलही. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, बिदर, गुलबर्गा आहेत, आणि श्रोतेहो, आपले नांदेडही आहे. मी तो वाचला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो. आमच्या गावचे नाव मी त्यात दोनदा शोधले. ते नाही.

तोवर येळवशीवर मी चार-पाच लेख लिहून बसलो होतो. आंबिलीचे वर्णन लोकांना आवडते. दिवाळी अंकवाले आग्रहाने मागतात. त्या पत्रावळीबद्दल मात्र त्यांत एक ओळही नाही. ती आज इथे प्रथमच सांगितली.