संस्थेची धुरा कोणी घ्यायची?

चाकणच्या कारखान्यात दहा-बारा वर्षं काढलेले अभियंते हल्ली विचारतात, "सामाजिक संस्थेत यायचंय, पण तिथे करिअर होतं का हो?" होतं. २०१४ पासून ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसा आला, तशी हिशेब आणि माणसं सांभाळणाऱ्या जाणकारांची गरजही वाढली. पण कंपनीतला अधिकारी आला आणि संस्थेचा पुढारी झाला, असं होत नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायणन कचरावेचक बायकांपर्यंत पोचल्या. त्या बायकांची पहिली निकड अक्षरांची नव्हती. उकिरडा उपसण्यापेक्षा वेगळा केलेला सुका माल त्यांना हवा होता. मग त्याचाच पाठपुरावा झाला. १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दोन्हीकडच्या बायका तिच्यात आल्या. पुढे ओळखपत्रं मिळाली. गळ्यात कार्ड असलं की चोर समजून हटकणाऱ्याला उत्तर देता येतं. २००८ मध्ये पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेचं काम सुरू झालं. तिच्या संचालक मंडळावर कचरावेचक बायका बसतात.

हे मला फार मोलाचं वाटतं. पुठ्ठ्याला काय भाव, दुधाच्या पिशवीला काय, भंगारवाला काट्यात कुठे मारतो, हे जिला रोजच्या हातातून कळतं, तिचा शब्द बैठकीत चालायला हवा. शिकलेल्या माणसाने तिला ताळेबंद वाचायला शिकवावं, महापालिकेचा करार समजावून द्यावा. ते शिकवून झालं की त्याने आपली खुर्ची थोडी मागे घ्यावी.

आपल्यामागे काम चालवणारी माणसं घडवणंही तितकंच गरजेचं. उरुळीकांचनला १९४६ पासून राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही ग्रामविकासाची संस्था उभारली. १९९३ साली ते गेले, पण संस्था थांबली नाही, कारण दुसरी फळी तयार होती. कितीतरी चांगल्या संस्था या एकाच बाबतीत कच्च्या राहतात.

तेव्हा मुलाखतीला जाल, तिथे पगाराचं मोकळेपणाने विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हेही विचारा, की ज्यांच्यासाठी संस्था चालते, त्यांच्यातलं कोण विश्वस्त मंडळावर आहे.