लॅक्रोसचा गोलरक्षक

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत खेळला जाणारा लॅक्रोस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा खेळ. गोल ६ फूट रुंद, ६ फूट उंच. कडक रबरी चेंडू कधी ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. म्हणून गोलरक्षक नजर ठेवतो ती फटका मारणाऱ्याच्या काठीच्या टोकावर. चेंडू सुटताच आधी हात, मग पाऊल, मग छाती चेंडूमागे. यासाठी भिंतीवर चेंडू मारून झेलण्याचा सराव रोज हवा.

मन घडवणं याहून अवघड. निम्म्याहून अधिक फटके अडवणारा इथे चांगला गोलरक्षक ठरतो. म्हणजे गोल होणारच! झालेला गोल मनातून काढून टाकायचा आणि पुढच्या फटक्याला ताज्या मनाने उभं राहायचं. शिवाय चेंडू कुठे आहे हे बचावपटूंना सतत ओरडून सांगायचं.

२०२३च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाचा गोलरक्षक लियाम एन्टनमनने १८ फटके अडवले. प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाने तरीही ९ गोल केले. विजेतेपद मात्र नोत्र दामचंच. गोलरक्षकाची खरी कसोटी असते ती गोल झाल्यानंतरच्या पुढच्या चेंडूला.