लाईन, ओळ आणि सूत



परवा पाठांतराच्या तालमीत आम्ही एका मुलाला म्हटले, "दुसरी ओळ चुकली." त्याने विचारले, "काका, ओळ म्हणजे लाईन ना?" सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र मनात आले, आम्ही तरी दिवसभरात किती वेळा लाईन म्हणतो!

महू तर लाईनींचेच गाव. १८१८ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. शिपायांच्या बराकींच्या रांगा म्हणजे लाईन. मग रेल्वेची लाईन आली. खंडवा-इंदूर मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. पुढे विजेची लाईन, नळाची लाईन, रेशनची लाईन. मुलगा कोणत्या लाईनला गेला, हा प्रश्न. नोकरी मिळाली की तो लाईनला लागला. बिघडला तर त्याला लाईनीवर आणायचे. आणखी एक लाईन तरुण मंडळींना ठाऊक आहे, ती इथे सांगत नाही.

इतके अर्थ आले कुठून? लॅटिनमधला 'लिनिया' हा मूळ शब्द अळशीच्या धाग्याचा. आपल्या माळव्यात पिकते तीच अळशी. धागा ताणला की सरळ रेघ मिळते. रेघेवरून रांग, मार्ग, शिस्त.

पण हेच काम आपल्या 'सूत' शब्दानेही केले आहे. गवंडी सूत धरतो, मग भिंत सुतात येते. दोघांचे सूत जमते. उतावळा माणूस तर सुतावरून स्वर्ग गाठतो!

लाईनला हाकलून द्या, असे आमचे म्हणणे नाही. दोनशे वर्षांची शेजारीण आता घरचीच झाली. पण ती आली म्हणून ओळ, रांग, रेघ, रूळ यांनी घर सोडावे का? रांगेत माणसे उभी राहतात, ओळीत अक्षरे बसतात. हा भेद मुलांना इथली शाळा शिकवणार नाही, बाजारही नाही. शिकवला तर आपणच, घरात बोलताना.

आज तो मुलगा दुसरी ओळ न चुकता म्हणेल. टाळ्या वाजवाच; पण नंतर त्याला जवळ घेऊन सांगा, "बाळा, ओळ छान म्हटलीस."

गणपती बाप्पा मोरया!