ऐकूं येतें, पण समजत नाहीं



डोळ्यांस कमी दिसूं लागलें म्हणजे मनुष्य निःसंकोचपणें चष्मा लावतो. परंतु कानांस कमी ऐकूं येऊं लागलें कीं तें तो लपवूं पाहतो. उतारवयांतील बहिरेपण तर इतक्या हलक्या पावलांनीं येतें कीं, तें ज्याचें त्यास कळण्याआधीं घरच्या मंडळींस कळतें. 'आजोबांना हवें तेवढेंच ऐकूं येतें,' असा विनोद मग सुरू होतो. या विनोदामागें जें खरें कारण आहे, त्याचा आज थोडा विचार करूं.

आपल्या अंतःकर्णांत शंखाच्या आकाराची एक वेटोळी नळी असते. तींत सुमारें १५ हजार केशपेशी असून, ध्वनीच्या कंपनांचे संदेश त्या मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे पोंचवितात. वय, सततचा गोंगाट व कांहीं औषधें यांमुळें या पेशी मरतात. आणि मनुष्याच्या ठायीं त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. बहुधा शंखाच्या मुखाशीं असलेल्या, उंच व बारीक ध्वनि टिपणाऱ्या पेशी आधीं जातात. त्यामुळें अ, आ, ओ हे भरदार स्वर कानीं पडतात. पण स, श, फ यांसारखीं व्यंजनें निसटतात. 'साठ रुपये' म्हणावें तर 'आठ रुपये' ऐकूं येतात! ओरडल्यानें स्वर तेवढे मोठे होतात, आणि बोलणाराच्या चेहऱ्यावर राग मात्र दिसतो.

म्हणून प्रथम तपासणी करावी. कित्येकदां कानांत साचलेला मळ एवढेंच कारण निघतें. एका कानाचें ऐकणें एकाएकीं गेल्यास मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. म्हैसूर येथें १९६५ सालीं व मुंबईस वांद्र्याला १९८३ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थांत, तसेंच मोठ्या इस्पितळांत, श्रवणशक्तीचा आलेख काढतात. आलेखांत जे ध्वनि कमी पडतात, तेच उचलून देईल असें श्रवणयंत्र जुळवावयाचें असतें. शेजाऱ्याचें यंत्र म्हणूनच आपल्या कामीं येत नाहीं.

चष्मा लावतांच अक्षर दिसतें; यंत्राचें तसें नाहीं. शांततेस सरावलेल्या मेंदूस भांड्यांचा खणखणाट व पंख्याची घरघर प्रथम नकोशी होते, आणि कित्येक यंत्रें या पहिल्याच दिवसांत पेटींत जाऊन पडतात. रोज थोडा थोडा वेळ वाढवीत कांहीं आठवडे धीर धरावा. यंत्रानें गेलेलें श्रवण परत येत नाहीं, आणि चारचौघांच्या गलबल्यांत तें अपुरेंही पडतें. पण समोरासमोरचें संभाषण पुष्कळ सुकर होतें.

उरलेलें काम घरच्यांचें. समोर, उजेडांत बसून सावकाश बोलावें. एका वेळीं एकानेंच बोलावें. न समजल्यास तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगावी. 'जाऊं द्या, तुमच्या कामाचें नव्हतें,' हे शब्द मात्र कटाक्षानें टाळावे. ते वारंवार कानीं पडले म्हणजे वडील माणूस विचारणेंच सोडून देतो, आणि घरांत असून घराबाहेरचा होतो.