इंजिनाची शक्ति आणि नोझलाचें छिद्र

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत शिरपूर नांवाचें गांव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें तें शिरपूर जैन या नांवानें ओळखलें जातें व दूरदूरचे यात्रेकरू तेथें येतात. यात्रेकरूंची वाट ज्या शेतांमधून जाते, तेथील चिंता मात्र निराळी असते. खरिपाचें सोयाबीन निघालें कीं हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते. काळ्या जमिनीचा वाफसा थोडेच दिवस टिकतो. तो निघून गेला म्हणजे ढेकळें फुटत नाहींत. नेमक्या अशा वेळीं ट्रॅक्टर धापा टाकूं लागला, तर इंजिनाची शक्ति वाढवावी असें धन्यास वाटणें स्वाभाविक आहे. मग कोणीतरी सोपा उपाय सुचवितो: मोठ्या छिद्राचें नोझल बसवावें! हा उपाय कितपत खरा, हें भरंवशावर न सोडतां हिशेबानेंच पाहिलें पाहिजे.

१८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें रुडॉल्फ डीझेलच्या इंजिनाची परीक्षा झाली, तेव्हां त्यांतील तेल दाबलेल्या हवेच्या झोतानें आंत फुंकलें जाई. त्यासाठीं निराळें अवजड यंत्र लागत असे. १९२७ सालीं बॉश कारखान्यानें तेल दाबणाऱ्या पंपांचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलें आणि डिझेल इंजिनास मोटारीवर व शेतावर येण्याचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रांत १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढें नाशिकला बॉशच्या कारखान्यांत नोझलेंही होऊं लागलीं.

आतां एक उदाहरण घेऊं. तीन सिलिंडरांचें, २·७ लिटरचें, ४५ अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास २००० फेरे घेत आहे. दर अश्वशक्तीस तासाला सुमारें १७० ग्रॅम डिझेल लागतें असें धरलें, तर तासाचा खर्च ७·६५ किलो होतो. तासाभरांत तिन्ही नोझलें मिळून १,८०,००० वेळां फवारा सोडतात. म्हणजे एका फवाऱ्याच्या वांट्यास सुमारें ५१ घन मिलिमीटर तेल येतें, जेमतेम एक थेंब! हा थेंब सेकंदाच्या पांचशेव्या भागांत, धुक्यासारखा बारीक होऊन हवेंत मिसळावा लागतो.

तेल जाळावयास हवा हवी. एक किलो डिझेलास हिशेबानें साडेचौदा किलो हवा पुरते. परंतु मिसळण्यास अवधि फार थोडा असल्यामुळें प्रत्यक्षांत अठरा-वीस किलो तरी असावी लागते. वरील इंजिन तासाला सुमारें १५० किलो हवा ओढतें, म्हणजे दर किलो तेलास साडेएकोणीस किलो. हें प्रमाण ठीक आहे. आतां तेल चतुर्थांशानें वाढविलें, तर हेंच प्रमाण पावणेसोळांवर येतें. अर्धवट जळलेलें तेल काळा धूर होऊन बाहेर पडतें, पिस्टनाचा माथा तापतो, आणि उरलेलें तेल सिलिंडरच्या भिंतींवरील वंगण धुऊन काढतें.

छिद्राचा व्यास ०·२५ वरून ०·२८ मिलिमीटर केला, तर डोळ्यास फरक दिसत नाहीं. पण क्षेत्रफळ मात्र शेंकडा २५ नें वाढतें. तरीही जुन्या पद्धतीच्या इंजिनांत तेलाचें माप पंप ठरवितो, नोझल नव्हे. म्हणून नुसतें नोझल मोठें केल्यानें तेल वाढत नाहीं. उलट दाब उतरतो व थेंब जाडे होतात. मग पंपाचा स्क्रू फिरविला जातो, आणि अनर्थास आरंभ होतो. संगणकानें चालणाऱ्या नव्या इंजिनांत नोझल किती वेळ उघडें राहावें हें संगणक ठरवितो. त्यास नव्या मापाची नोंद न दिल्यास त्याचा सारा हिशेब चुकतो.

याची दुसरी बाजूही आहे. टर्बो बसवून हवा वाढविली आणि नोझल लहानच ठेवलें, तर फवारा लांबतो, तेल उशिरां जळतें आणि बाहेर जाणारा वायु तापतो. यावरून क्रम असा ठरतो: प्रथम हवा, मग तितकें तेल, मग त्या तेलास साजेसें नोझल, आणि हें सर्व पेलण्याइतका क्लच व गिअरबॉक्स. शिवाय, कारखान्यानें दिलेल्या नोंदींशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा प्रतिबंध आहे.

मग शिरपूरच्या शेतकऱ्यानें काय करावें? पुष्कळदां इंजिनाची शक्ति कमी नसतेच; ती कोंडलेली असते. हवेची जाळी धुळीनें बुजलेली, डिझेलचा फिल्टर तुंबलेला, नोझल झिजून ठिबकूं लागलेलें, ही नेहमींचीं कारणें होत. जाळी स्वच्छ करून, फिल्टर बदलून, सर्व नोझलें जाणत्या कारागिराकडून एकाच दाबावर तपासून घेतलीं, तर मूळची शक्ति परत मिळते. एवढें करूनही काम उरकत नसेल, तर अवजार लहान घ्यावें किंवा फाळ कमी खोल लावावा. ऐन पेरणींत पिस्टन जळाला, तर जातो तो एकटा पिस्टन नव्हे. हंगामही त्याच्याबरोबर जातो. खंडेनवमीस ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालण्यापूर्वीं हवेची जाळी उघडून पाहावी. तीही त्या यंत्राची पूजाच होय.