स्टेअरिंगचा खटका आणि रात्रीचा रस्ता
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून भावाचं बोलणं झालं. आता बोलतो ते कापूस घरातून निघाल्यानंतरचं. दिवसभर भरणी करायची, गाडी निघेस्तोवर दिवस मावळतो. पुढे पारोळ्याकडून धुळ्याला जाणारा महामार्ग, जो आधी सहा नंबरचा होता आणि आता त्रेपन्न नंबरचा झाला. धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. त्या गर्दीत आपली वीस-पंचवीस वर्षांची जीप, मेटॅडोर नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉली. तिचा डिपर लागतो का, इंडिकेटर लुकलुकतो का, हे बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांतच बघून या. निम्म्या गाड्यांत स्टेअरिंगचा खटका बंद, आणि डॅशबोर्डला भोक पाडून घरातल्या पंख्याचं बटण बसवलेलं!

मी शिकलो शेतकी, मिस्त्री नाही. पण शेतकीत एक गोष्ट शिकवतात ती इथे लागू पडते. कपाशीची पानं लाल पडली की आपण औषधाच्या दुकानात धावतो. फवारण्या होतात, पैसे जातात, आणि रोगाचं मूळ बहुतेक वेळा जमिनीत असतं, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलेलं. खटक्याचंही तसंच. जळला की नवा घालतो, सहा महिन्यांत तोही जळतो, आणि आपण म्हणतो, हल्ली माल हलका येतो. माल हलका येतोही. पण तेवढंच कारण नाही.

हिशेब करा. हेडलाइटचा एक बल्ब अप्परला ६० वॅटचा. दोन म्हणजे १२०. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे १० अँपिअर करंट. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा करंट त्या खटक्यातल्या नखाएवढ्या पितळी पट्टीतून जातो. दर वेळी डिपर मारला की बारीक ठिणगी पडते, पट्टीवर काळा थर चढतो. थर चढला की पट्टी तापते, तापली की प्लॅस्टिक मऊ होऊन पट्टी सैल पडते, सैल पडली की आणखी तापते. शिवाय वाटेत एक व्होल्ट जरी गळाला तरी उजेड जवळपास चौथाईने घटतो. मग लोक १०० वॅटचे बल्ब घालतात. म्हणजे आगीत तेल.

आता दुरुस्ती. आधी बॅटरीची अर्थची वायर काढा. खटका उघडण्याआधी खात्री करा की दोष तिथेच आहे. एक बल्ब, दोन वायरी, एक टोक बॉडीला, झाला टेस्ट लॅम्प. तपासण्यापुरती बॅटरी जोडा आणि खटक्याच्या आत येणाऱ्या वायरीवर टोक टेकवा. आत करंट येतो आणि बाहेर येत नाही, तर खटका दोषी. इंडिकेटर डाव्या बाजूला नीट लुकलुकतो आणि उजव्या बाजूला नाही, तर फ्लॅशर बदलू नका. दोन्ही बाजूंना तोच असतो. उजवीकडचा बल्ब, अर्थ किंवा खटका बघा. माझ्या पाहण्यात यातले बरेच दोष गंजलेल्या अर्थचे निघतात. पॉलिश पेपर मारला की काम संपतं, एक पैसा लागत नाही.

खटकाच दोषी असेल तर बॅटरी पुन्हा सोडवा. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खटका मोठ्या ताटात उघडा, कारण आत स्प्रिंग आणि छर्रा असतो आणि तो उडाला की आठवडाभर सापडत नाही. पितळी पट्ट्या झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, पेट्रोलच्या फडक्याने पुसा, पेट्रोल पूर्ण उडू द्या. पट्ट्यांवर चाकाचं ग्रीस थापू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसते. तुटलेल्या वायरीला डाख द्या, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. प्लॅस्टिक वितळलेलं असेल तर मात्र जीव लावू नका, नवा घ्या.

काही गाड्यांत खटक्यासाठी स्टेअरिंगचं चाक काढावं लागतं. ते मिस्त्रीकडूनच काढून घ्या. खुणा न करता काढलं, हातोडा मारला किंवा नट सैल राहिला तर दिव्यापेक्षा मोठं संकट ओढवतं. आणि नव्या, एअरबॅगच्या गाडीत तर हातच घालू नका.

आता मुळावरचा इलाज. दोन रिले घ्या, एक अप्परला, एक डिमला. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूज घालून जाड वायर, ८७ वरून हेडलाइटला, ८६ ला खटक्याकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ. मग खटक्यातून अँपिअरच्या पाव भागापेक्षाही कमी करंट जातो, भार रिले उचलतो. काही गाड्यांत खटका अर्थच्या बाजूला असतो, तिथे जोडणी उलटी, म्हणून आधी टेस्ट लॅम्प लावा. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो टाळून वायर लांबवली आणि ती कापसाच्या गाडीत घासली, तर काय होईल ते मी सांगायला नको.

ट्रॉलीचं वेगळं. इंडिकेटरचा २१ वॅटचा आणखी एक बल्ब जोडला की फ्लॅशरवर भार वाढतो आणि लुकलुकण्याची लय बिघडते. भार पेलणारा फ्लॅशर घ्या. कडबा किंवा कापूस फुगवून भरला की मागचे दिवे झाकले जातात, मग खटका कितीही चांगला असो, मागच्या ट्रकवाल्याला काय दिसणार? दिवे ट्रॉलीच्या कडेला, भाराच्या बाहेर आणा आणि लाल रिफ्लेक्टर लावा. सूर्य मावळल्यावर दिवे हवेतच, हे १९८९ च्या मोटार वाहन नियमांतही आहे, पण पोलिसासाठी लावू नका.

जेवणानंतर बाहेरच्या निळ्या जीपचा खटका उघडू. ज्यांच्याकडे पाना, पेचकस आणि पॉलिश पेपर असेल त्यांनी घेऊन या. आणि कोणीतरी आतून ताट आणा.